गिरणीतलं सहा सिलिंडरचं

९ नोव्हेंबर. सकाळी सातपासून मी गॅरेजच्या ओट्यावर बसून पाने पुसत होते. डिझेलमध्ये फडकं बुडवायचं, पान्याच्या जबड्यात अडकलेलं जुनं ग्रीस काढायचं, कोरड्या कापडानं पुसायचं आणि मापाप्रमाणे गोणपाटावर मांडायचं. पाने विकायला काढले होते. किन्हवलीचा एक नवा गॅरेजवाला दुसऱ्या दिवशी सगळा संच बघायला येणार होता, आणि मळलेल्या वस्तूकडे कुणी नीट बघत नाही.

गॅरेज शहापुरात, शेणव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. तीस वर्षं माझे यजमान तिथे इंजिनं खोलत आणि जोडत आले. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. लोकांसमोर मीही मिस्त्रीच म्हणते. त्यांची ख्याती कानांची होती. लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. अर्ध्या मिनिटात कुठल्या सिलिंडरचं काय दुखतंय ते सांगायचे. उघडून बघितलं की तेच निघायचं.

ते कान पाच-सहा वर्षांपासून जात होते. आधी मोबाइलची घंटी, मग माझी हाक, मग रस्त्यावरचे हॉर्न. हॉर्न ऐकू येईनात तेव्हा मी टेम्पो चालवायला शिकले. गिऱ्हाइकांना कळू द्यायचं नव्हतं, म्हणून आम्ही दोघांत खुणा ठरवल्या होत्या. गाडी चालू केली की मी जवळ उभी राहायची. पदर खांद्यावर ओढून घेतला म्हणजे आत काहीतरी ठोकतंय. कमरेची किल्ली चाचपली म्हणजे ठीक. मी काही मिस्त्री नाही, पण पंधरा वर्षं काउंटर सांभाळला की कान बऱ्यापैकी तयार होतात. बऱ्यापैकीच.

पावसाळ्यात टोकावड्याच्या एका ढाबेवाल्याची जीप आम्ही ठीक म्हणून दिली. बेअरिंगचा ठोका मला कळला नाही आणि त्यांना ऐकू आला नाही. माळशेजच्या चढाला लागायच्या आधीच इंजिन जाम झालं. कुणाला खरचटलंही नाही. ढाबेवाला भांडायलासुद्धा आला नाही, गाडी ओढून दुसरीकडे घेऊन गेला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मिस्त्रींनी नवीन काम घेणं बंद केलं. कानाला मशीन लावा म्हटलं तर म्हणायचे, मशीन दिसलं की लोक म्हणणार मिस्त्री बहिरा, मग गाडी कोण आणणार? गाडी तशीही कुणी आणत नव्हतं. ते घरात बसून मी डाळीत किती मीठ टाकते ते बघायचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी धडधाकट माणूस घरात बसला तर पुढची वीस वर्षं काय करायचं, हा माझा प्रश्न होता. पाने पुसताना तोच डोक्यात चालू होता.

गॅरेजमध्ये एकच गाडी उरली होती, मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंची. साठ वर्षांहून जुनी, लांब नाकाची, सहा सिलिंडरची पेट्रोल मोटार. बाई आता सत्तरीच्या पुढच्या. त्याच मोटारीतून त्यांनी सगळा मुरबाड तालुका तपासला होता, कित्येक बाळंतिणी तिच्या मागच्या सीटवरून दवाखान्यात आणल्या होत्या. मे महिन्यात चालत्या गाडीत कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉकला मुठीएवढं भोक पाडून बाहेर आला. त्या इंजिनात दुरुस्त करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. लोकांनी सल्ला दिला की चार सिलिंडरचं डिझेल बसवून टाका, सगळे तसंच करतात. बाई म्हणाल्या, मग बैलगाडीच घेते.

साडेआठला त्यांचाच फोन आला. फोन मीच घेते. त्यांनी ओळखीपाळखीत विचारून त्याच जातीची दोन इंजिनं शोधली होती. एक मुरबाडच्या अलीकडे जुन्या स्पेअर पार्टच्या गोदामात, दुसरं डोळखांबच्या पुढे एका पाड्यावर, भाताच्या गिरणीत. गोदामवाल्याला आजच्या आज होय-नाय हवं होतं, त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक होतं. मिस्त्रींनी दोन्ही बघावीत आणि जे म्हणतील ते त्या घेणार. मिस्त्रींना जमणार नसेल तर गाडी पुण्याला पाठवायची त्यांची तयारी होती, तेही त्यांनी सरळ सांगितलं.

मी सांगितलं, आजच जातो.

मिस्त्री चहा पीत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहून, ओठ दिसतील असं सावकाश सगळं सांगितलं.

"तुला हो म्हणायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच म्हटलं."

"इंजिन निवडायचं तर ऐकावं लागतं. मला काय ऐकू येतंय?"

"तुम्ही बघा. मी ऐकते."

त्यांनी उठून चप्पल घातली. निघताना मी तो लांब स्क्रूड्रायव्हर गोणपाटावरून उचलून टेम्पोत सीटखाली ठेवला. का ठेवला ते नक्की सांगता येणार नाही. बाहेर पडताना हत्यार बरोबर असावं, एवढंच.

गोदामातलं इंजिन बघून मला तर वाटलं, आता डोळखांबला जायची गरज नाही. लोखंडी घोडीवर बसवलेलं, निळा रंग दिलेलं, पितळी नट चकचकीत. मालक पन्नाशीचा, बोलायला गोड. शेठ म्हणून हाक मारली की खुलायचा. त्यानं बटण दाबलं आणि इंजिन पहिल्या फेऱ्यात चालू झालं. शिलाई मशीन चालावं तसं. मी दोन्ही बाजूंनी फिरले, कान जवळ नेला, दूर नेला. कुठे ठोका नाही, खरखर नाही. मिस्त्री हात पाठीमागे बांधून उभे. त्यांनी इंजिनाला बोटसुद्धा लावलं नाही. मी कमरेची किल्ली चाचपली.

"बरं आहे," ते म्हणाले.

"बरं काय मिस्त्री, असं शोधून सापडायचं नाय," शेठ म्हणाला. "संध्याकाळपर्यंत थांबतो. तुमचं नाव ऐकलंय म्हणून."

मी तिथल्या तिथे बाईंना फोन लावणार होते. पण बाईंनी दोन्ही बघा म्हटलं होतं, आणि दोन बघायला सांगितल्यावर एक बघून परत येणं मला जमत नाही. टेम्पो काढला. रस्त्यात मी मिस्त्रींना म्हणाले की गिरणीचं म्हणजे रगडलेलंच असणार, जायचं म्हणून जायचं. आमच्याकडे सगळे असंच म्हणतात. गिरणीला लावलेलं इंजिन म्हणजे हाडं काढून झालेलं.

डोळखांबपासून पुढे रस्ता चढतो आणि पाडे सुरू होतात. शेतं कापून झाली होती, खळ्यांवर झोडणी चालू होती. गिरणी सापडायला वेळ लागला नाही, आवाजावरूनच कळली. बाहेर बायका भाताची पोती घेऊन रांगेत बसलेल्या. आत पत्र्याच्या शेडमध्ये तुसाची धूळ उडत होती आणि कोपऱ्यात ते इंजिन, काळं, तेलकट, त्याच्यावरून निघालेला कॅनव्हासचा पट्टा गिरणीच्या चाकावर गेलेला. रेडिएटरच्या जागी पाण्याचं मोठं पिंप. बाजूच्या खिळ्याला झेंडूचे सुकलेले हार, एकावर एक इतके की खिळा दिसत नव्हता.

गिरणी चालवणारी बाई माझ्याच वयाची. कासोटा घातलेली, केसांवर पांढरा कोंडा. तिच्या सासऱ्यानं धरणाच्या कामावर आलेल्या एका कंत्राटदाराची आपटलेली मोटार घेतली होती आणि तिचं इंजिन इथे आणून बसवलं होतं. पूर्वी रेशनच्या रॉकेलवर चालायचं. रॉकेल बंद झालं, पेट्रोल परवडेना, म्हणून तिनं यंदा विजेची मोटर बसवली. आज लाइट गेली होती म्हणून ह्या म्हाताऱ्याला, म्हणजे इंजिनाला, उठवलं, असं ती म्हणाली. हे सगळं तिनं मला गिरणी चालू असताना निम्मं हातांनी सांगितलं. तिथे सगळ्यांचंच बोलणं हातांनी चाललं होतं. दोन बोटं म्हणजे दोन पोती, तळहात उताणा म्हणजे कोंडा न्यायचाय, गालाला हात म्हणजे मालकीण झोपली आहे, लवकर कर म्हणून चेष्टा. कुणी लपवत नव्हतं.

मिस्त्री दारात उभे राहून ते बघत होते.

मधेच तिनं भिंतीला टेकवलेली सागाची हातभर काठी उचलली. एक टोक गिरणीच्या बेअरिंगच्या डब्यावर ठेवलं आणि दुसरं सरळ दातांत धरलं. तशीच थांबली. मग काठी काढून वंगणाची बुधली घेतली आणि दोन थेंब सोडले. काठीच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या, खोल, कित्येक वर्षांच्या.

मिस्त्री आत आले. तिला त्यांनी काय विचारलं ते माझ्यापर्यंत पोचलं नाही, पण तिला कळलं. तिनं इंजिन बंद केलं. शेडमध्ये एकदम शांत झालं.

"चाळीस वर्सं ह्या आवाजात बसलूय," ती म्हणाली. "कान कदीच गेले. दातांना मात्र सगला समजते. सासऱ्यानं शिकवलाय. त्याचे बी गेलेले."

मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत राहिले. उत्तर द्यायला थोडा उशीर झाला म्हणून मी सवयीप्रमाणे मधे पडले. सांगायला लागले की मिस्त्री जरा कमी बोलतात, विचार करून बोलतात.

तिनं मला हातानंच थांबवलं. "तू कशाला सांगतेस गो? बोलू दे त्याला. तोंड शाबूत हाय ना?"

रांगेतल्या बायका हसल्या. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. इतकी वर्षं मी हे मदत म्हणून करत होते.

"तेल कधी बदललं होतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"दसऱ्याला. आमच्यात जुन्या तेलावर हार घालत नाय. आदी तेल काढायचा, नवा घालायचा, मंग पुसून हळदकुंकू. एक वरीस चुकला नाय." तिनं खिळ्याकडे बोट केलं.

मिस्त्रींनी मला सीटखालचा स्क्रूड्रायव्हर आणायला सांगितलं. मी तो आणला हे त्यांनी बघितलं होतं तर. त्यांनी इंजिन चालू करायला लावलं, लोखंडी टोक ब्लॉकवर टेकवलं आणि लाकडी मूठ दातांत धरली.

आधी नुसतीच कपाळाला आठी. मग त्यांनी टोक दोन बोटं सरकवलं, मूठ दाढांमध्ये नीट धरली आणि डोळे मिटले. डोळे मिटलेला तो चेहरा मी पाच वर्षांत बघितला नव्हता. मला त्याचं काय वाटलं ते लिहीत बसत नाही, कारण लगेच कामाला लागावं लागलं. त्यांनी बोट वर करून दाखवलं, एक. म्हणजे पहिल्या प्लगची वायर काढ. मी पक्कडीला कोरडं फडकं गुंडाळलं, वायर ओढली, इंजिन जरा लंगडलं. ते ऐकत राहिले. पुन्हा लाव. दोन. तीन. असे सहाही. एकेक सिलिंडर बंद केला की ज्याच्यात दोष असतो त्याचा आवाज बदलतो, हे मला माहीत होतं. पण मिस्त्री त्या हातभर अंतरावरून आत उतरून प्रत्येकाच्या दारात उभे राहत होते.

त्यांनी मूठ तोंडातून काढली. ओठाला काळं लागलं होतं.

"पाचव्याचा एक व्हॉल्व्ह किंचित बोलतोय. बाकी सगळं बसल्या जागी आहे. पाण्याच्या वाटा गंजल्या असतील, त्या साफ होतील." मग माझ्याकडे वळून, "इथे आल्यापासून ह्याला गिअर माहीत नाही, चढ माहीत नाही. एकाच चालीनं चाललंय, वर्षातले तीन-चार महिने, तेही छपराखाली. हाडं काढून झालेलं नाय हे. आपण सगळे उलटं समजत होतो."

कागद आहेत का, हे मी विचारलं. परिवहन कार्यालयात इंजिनाचा नंबर बदलून घ्यायचा तर जुन्या गाडीचं पुस्तक लागतं. ती घरात गेली आणि हळदकुंकवाच्या डब्यासोबत ठेवलेलं पुस्तक घेऊन आली. पुस्तकावरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर मी बोटानं एकेक आकडा लावून बघितला. जुळला. भात संपेपर्यंत, म्हणजे महिनाभर, इंजिन हलवायचं नाही, एवढी तिची अट होती. विजेचा भरवसा नाही.

मला वाटलं, झालं. पण मिस्त्री टेम्पोत बसले आणि म्हणाले, परत मुरबाड.

"कशाला? हे चांगलं आहे ना?"

"ते वाईट आहे का ते बघितलं नाय. डॉक्टरीणबाईंना दोन्हींचं सांगायचंय. सकाळी मी नुसता उभा होतो."

दुपार टळली होती. वाटेत एकीकडे थांबून वडापाव खाल्ला आणि निघालो. गोदामात शेठ आम्हाला बघून खूश झाला, त्याला वाटलं आम्ही घ्यायला आलो. मिस्त्रींनी इंजिन चालू करायला सांगितलं आणि या वेळी पाच मिनिटं नाही, अर्धा तास चालवायला लावलं. शेठ चुळबुळत होता. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला आणि मूठ दातांत धरली. गोदामातले दोन हमाल काम सोडून बघायला लागले.

मी माझ्या जागेवर उभी होते. हात सवयीनं किल्लीकडे जात होता, तो मी पाठीमागे घेतला.

"इंजिन कानांनी ऐकतात मिस्त्री," शेठ हसत म्हणाला. "तुमी तर खायलाच निघालात."

मिस्त्रींनी मूठ काढली. घाई केली नाही. रुमालानं तोंड पुसलं.

"माझे कान गेलेत, शेठ," ते म्हणाले. "म्हणून दातांनी ऐकतो."

हमालांपैकी एकानं नुसती मान हलवली, एखाद्यानं गुडघा दुखतो म्हटल्यावर हलवावी तशी. ज्याला आम्ही पाच वर्षं घाबरत होतो ते एवढंच होतं.

मग बोट वर. एक, दोन, तीन. तिसऱ्या प्लगची वायर मी काढली आणि मिस्त्रींच्या भुवया वर गेल्या. लाव. पुन्हा काढ. त्यांनी मला जवळ बोलावलं, हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि वायर लावल्या-काढल्याच्या तालावर बोटानं खांद्यावर ठोका देऊन दाखवला. मग मलाही ऐकू आला. अगदी आतून, जाड दुलईखाली कुणीतरी पाटा आपटावा तसा. सकाळी तो नव्हता असं नाही, मला ऐकू आला नव्हता.

"तिसऱ्याचं बेअरिंग गेलंय. तेल काढून दाखवा."

शेठनं आढेवेढे घेतले, हात काळे होतील वगैरे. मी इंजिन बंद करायला लावलं, खाली बसले, पाना लावला आणि तेलाचा बोल्ट सैल केला. गरम इंजिनातलं तेल पाण्यासारखं धावायला हवं. हे काकवीसारखं तार धरून आलं. ठोका दबावा म्हणून गिअरचं जाड तेल घातलेलं. शेठ म्हणाला की त्यानंही असंच घेतलं होतं, त्याला माहीत नव्हतं. खरं असेल, नसेल. मिस्त्री त्याच्याशी भांडले नाहीत. उलट बेअरिंग बदलायचं असेल तर गाडीवर चढवून शहापूरला आणा, मी करून देतो, म्हणाले.

आणा म्हणाले. मी ते दोनदा मनात म्हणून बघितलं आणि बोल्ट आवळला.

परतायच्या आधी पुढे मुरबाडात डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या अंगणात बसून वाटाणे सोलत होत्या. मिस्त्रींनी दोन्ही इंजिनांचं सविस्तर सांगितलं, स्वतः. मी मधे बोलले नाही, वाटाणे सोलले. गिरणीचं इंजिन, महिनाभर थांबायचं, पाचव्याचा व्हॉल्व्ह, पाण्याच्या वाटा. बाईंनी विचारलं, दातांनी ऐकलं म्हणजे कसं? त्यांनी दाखवलं.

"तुम्हाला ऐकू येत नाही हे मला तीन वर्षांपासून माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघता. कुणी कबूल केल्याशिवाय औषध देता येत नाही म्हणून गप्प होते."

त्या आत गेल्या आणि कपाटातून दोन पायांचा चिमटा आणला, आपटला की गुणगुणणारा. तो आधी मिस्त्रींच्या कानासमोर धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. दोन-तीनदा केलं. हाडावर ठेवल्यावर मिस्त्रींनी मान डोलावली. बाई म्हणाल्या की हाडातून एवढं ऐकू येत असेल तर आतली नस बऱ्यापैकी शाबूत असण्याची शक्यता आहे, अडचण बाहेरच्या बाजूला असेल तर उपायही असतो, आणि नसला तर मशीन आहेच. नक्की आता सांगता येणार नाही. कल्याणच्या कानाच्या डॉक्टरांना त्यांनी माझ्यासमोर फोन लावला आणि बुधवारची वेळ घेतली. मिस्त्रींनी नाही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, महिनाभरानं गाडी चालू झाली की पहिली फेरी कुठे? बाई म्हणाल्या, डोळखांबला, गिरणीवाल्या बाईला बसवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठ वाजता किन्हवलीच्या गॅरेजवाल्याला फोन करून सांगितलं की पाने विकायचे नाहीत, फेरा वाया घालवू नको. तो म्हणाला, वैनी, काल तर नक्की म्हणालात. मी म्हटलं, काल म्हटलं होतं. मग गोणपाटावरचा सगळा संच उचलून भिंतीवरच्या खिळ्यांना मापाप्रमाणे लावला. पुसलेला होताच, मेहनत वाया गेली नाही. तो लांब स्क्रूड्रायव्हर मात्र मी घरात नेला. ग्रीस आणि डिझेलनं माखलेली मूठ माणसानं तोंडात धरायची म्हणजे काही नियम हवा. भांड्यांच्या साबणानं काथ्या घेऊन ती दोनदा घासली, उन्हात वाळवली, आणि टोकापासून मुठीपर्यंत पुसून मिस्त्रींच्या हातात दिली. मग जाऊन गॅरेजचं शटर पूर्ण वर केलं.